परक्याचा आवाज



पास्काकाळातल्या चौथ्या रविवारी ख्रिस्तसभा आपल्याला उत्तम मेंढपाळाचे शुभवर्तमान ऐकवते. संत योहानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू येशू मेंढवाड्याच्या दाराविषयी बोलतो. मेंढपाळ दाराने आत येतो आणि चोर दुसरीकडून चढून येतो, असे तो सांगतो. मेंढरे आपल्या मेंढपाळाचा आवाज ओळखतात आणि परक्याचा आवाज आला की त्याच्यामागे न जाता दूर पळतात. ज्यांनी खतासाठी शेतात मेंढरे बसवून घेतली आहेत, त्यांना हे समजावून सांगायला नको. मेंढपाळ घशातून एक आवाज काढतो आणि सगळा कळप उठून चालू लागतो. तोच आवाज आपण काढून पाहिला तर एकही मेंढरू मान वर करीत नाही.

आज हे शुभवर्तमान मी आपल्या हातातल्या मोबाईल फोनला लावून पाहणार आहे. देवाच्या मंदिरात फोनचे काय काम, असे एखाद्या आजोबांच्या मनात येईल. पण आपल्या घराला आता दोन दारे झाली आहेत. एक अंगणात उघडते; रात्री आपण त्याला कडी लावतो. दुसरे दार उशाशी ठेवून आपण झोपतो आणि ते रात्रभर उघडे असते.

हे दार वाईट आहे असे सांगण्यासाठी मी उभा नाही. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ सालच्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाचा संदेशच इंटरनेटवर लिहिला होता आणि या नव्या चौकात शुभवर्तमान घेऊन जा असे आपल्याला सुचवले होते. आज आपला कास्तकार घरबसल्या सातबारा पाहतो, कळमन्याच्या बाजारातला मिरचीचा भाव विचारतो. पुण्याला कामाला गेलेली मुलगी रोज संध्याकाळी आईला दिसते. २०२० च्या टाळेबंदीत मिस्सासुद्धा आपण याच दारातून पाहिली. दार हवेच आहे. प्रश्न एवढाच की त्यावर कोण थाप मारतो आहे.

आता चोर कसा येतो ते पाहू या. दुपारची वेळ असते. घरात एखादी निवृत्त शिक्षिका किंवा एखादे वयस्क जोडपे असते. फोन येतो. पलीकडचा माणूस हिंदीत, अतिशय सभ्यपणे सांगतो की तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत, किंवा तुमच्या आधार क्रमांकावर घेतलेल्या सिमवरून गुन्हा झाला आहे. मग व्हिडिओ कॉल येतो. पडद्यावर पोलिसांचा गणवेश, मागे तिरंगा, टेबलावर फाईली. तुमचे नाव, पत्ता, आधार क्रमांक त्याला तोंडपाठ असतो. तो सांगतो की तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे. कॅमेऱ्यासमोरून हलायचे नाही, फोन ठेवायचा नाही. तुमचे पैसे तपासणीसाठी एका 'सुरक्षित' खात्यात भरा, निर्दोष ठरलात की परत मिळतील. आणि शेवटी एक वाक्य येतेच: कोणाला सांगू नका, मुलालाही नाही, नाहीतर तोही अडकेल.

काही ठिकाणी हा प्रकार तासभर चालतो, काही ठिकाणी कित्येक दिवस. हरियाणातील अंबाला येथील एका वृद्ध दांपत्याला तर चक्क सर्वोच्च न्यायालयाचे खोटे आदेश दाखवून एक कोटी रुपयांहून अधिक रकमेला लुबाडले गेले. त्यांच्या तक्रारीवरून ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली. तेव्हा नीट लक्षात ठेवा. आपल्या देशाच्या कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्टच नाही. कोणताही पोलीस, कोणताही न्यायाधीश, सीमाशुल्क खात्याचा कोणताही अधिकारी व्हिडिओ कॉलवर अटक करीत नाही आणि जामिनाचे पैसे कोणाच्या खात्यात मागवीत नाही.

पण मला तुमचे लक्ष त्या शेवटच्या वाक्याकडे वेधायचे आहे. कोणाला सांगू नका! चोराचा गणवेश बदलेल, गोष्ट बदलेल. आज पार्सल असेल, उद्या वीज तोडण्याची धमकी असेल, परवा शेअर बाजारात दुप्पट पैशांचे आमिष असेल. पण दोन गोष्टी त्याला टाळता येत नाहीत. त्याला तुम्हाला घाई लावावी लागते आणि त्याला तुम्हाला एकटे पाडावे लागते. लांडगा कळपावर झडप घालतो तेव्हाही आधी एका मेंढराला बाजूला काढतो. प्रभूचा आवाज याच्या अगदी उलट असतो. तो आपल्याला नावाने हाक मारतो, कळपात आणतो. म्हणून 'लवकर कर आणि कोणाला सांगू नकोस' हे शब्द ज्या तोंडून निघाले ते तोंड परक्याचे, मग पडद्यावर गणवेश कोणताही असो. अशा वेळी फोन ठेवून द्या. त्यात उद्धटपणा नाही. मेंढरेही परक्याला नमस्कार करून पळत नाहीत.

कोणी म्हणेल, फादर, पण आवाज ओळखीचा असेल तर? हा प्रश्न बरोबर आहे. आज संगणकाच्या साहाय्याने कोणाच्याही आवाजाची नक्कल करता येते. समाजमाध्यमावर टाकलेली छोटीशी चित्रफीत त्यासाठी पुरते. "बाबा, अपघात झाला, ताबडतोब पैसे पाठवा," असा मुलाचा रडवेला आवाज आला तर काळजाचे पाणी होईल. तरीही फोन ठेवा आणि आपल्याकडे जतन केलेल्या त्याच्या क्रमांकावर आपण स्वतः लावा. काही कुटुंबांनी घरातल्या घरात एक खुणेचा शब्द ठरवून ठेवला आहे, जो बाहेरच्या कोणाला माहीत नाही. मला ही युक्ती फार आवडली. आणि आणखी एक: धर्मगुरूंच्या आणि महागुरूंच्या नावानेही खोटी खाती उघडून पैसे मागितले जातात. माझ्या नावाने, माझा फोटो लावून अनाथाश्रमासाठी किंवा आजारी माणसासाठी तातडीने पैसे मागणारा संदेश आला, तर तो माझा नाही असे खुशाल धरून चाला आणि मला फोन करून विचारा.

आपण भिवापूरचे लोक. आपल्या मिरचीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बाजारात कोणी 'अस्सल भिवापुरी' म्हणून पोते पुढे केले तर आपण त्या शब्दावर जातो का? मूठभर मिरची हातात घेतो, देठ पाहतो, मोडून वास घेतो आणि मगच भावाचे बोलतो. जी पारख आपण दहा किलो मिरचीसाठी लावतो ती आयुष्यभराच्या पुंजीसाठी का लावू नये? बँकेच्या नावाचा संदेश आला की पत्ता पाहा. रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून आपल्याकडच्या बँकांनी आपल्या संकेतस्थळांचे पत्ते 'डॉट बँक डॉट इन' असे करून घेतले आहेत. तसा शेवट नसेल तर हात आखडता घ्या. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो फक्त पैसे देण्यासाठी लागतो. ओटीपी म्हणजे तिजोरीची किल्ली. लग्नपत्रिका, वाहतुकीचा दंड, किसान योजनेची यादी अशा नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर एखादी फाईल आली आणि तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असेल, तर ती पत्रिका नाही, ते तुमच्या फोनमध्ये शिरणारे अ‍ॅप आहे. उघडू नका. 'मी मदत करतो, एवढे अ‍ॅप घ्या' असे सांगून तुमचा पडदा स्वतःच्या फोनवर पाहू मागणाऱ्यालाही तिथेच थांबवा.

एवढे सांगूनही आपल्यातले कोणीतरी फसेल. गृह मंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ या एका वर्षात भारतीयांनी सायबर फसवणुकीत सुमारे २२,८४५ कोटी रुपये गमावले. ही माणसे मूर्ख नव्हती. त्यांत डॉक्टर होते, प्राध्यापक होते, बँकेतून निवृत्त झालेले अधिकारीही होते. आणि इथे मला आपल्या धर्मग्रामाविषयी थोडे कडक बोलायचे आहे. एखादा फसला की आपण काय म्हणतो? "इतका शिकलेला असून फसला?" "लोभ नडला." हे बोलणे त्याच्या कानावर जाते, आणि पुढचा माणूस फसल्यावर गप्प बसतो. बायकोला सांगत नाही, मुलांना सांगत नाही, दोन महिन्यांनी खाते रिकामे दिसले की घरात कळते.

यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या त्या वाटसरूची गोष्ट आठवा. लुटारूंनी त्याला अर्धमेला करून टाकले होते. चांगल्या शोमरोनी माणसाने त्याला विचारले नाही की असल्या वाटेने तू एकटा का निघालास. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेले. या दयेला आज एक अगदी व्यावहारिक बाजू आहे. चोरलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत असतो. पहिल्या तासा-दोन तासांत १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवले तर वाटेतल्या बँकेत तो अडवून धरता येण्याची शक्यता असते. दुसऱ्या दिवशी ती खूपच कमी होते. म्हणजे जो शेजारी न हसता "चला, आधी १९३० लावू" असे म्हणतो, तो जखमेवर तेल ओततो; आणि जो हसतो तो घड्याळाचे काटे चोराच्या बाजूने फिरवतो. फोन झाल्यावर आपल्या बँकेला कळवा, सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवा, आलेले संदेश पुसू नका, पोलीस ठाण्यात जा. एकटे जायला संकोच वाटला तर मला सांगा, मी बरोबर येईन.

आणि त्या पलीकडच्या माणसाचे काय? त्याच्यासाठीही आपल्याला प्रार्थना करायची आहे, आणि तीही डोळे उघडे ठेवून. म्यानमार, कंबोडिया अशा देशांत फसवणुकीचे मोठमोठे कारखाने चालतात. तिथे बसलेल्या मुलांपैकी अनेकांना थायलंडमध्ये संगणकाची नोकरी म्हणून नेलेले असते. पासपोर्ट काढून घेतात, मारहाण करतात आणि दिवसभर लोकांना फोन करायला लावतात. मार्च २०२५ मध्ये आपल्या सरकारने हवाई दलाच्या विमानांनी अशा ५०० हून अधिक भारतीयांना परत आणले. आपल्या धर्मग्रामातल्या तरुणांना आणि त्यांच्या आईवडिलांना माझी विनंती आहे. परदेशातली नोकरी केवळ टेलिग्रामवरच्या मुलाखतीने मिळत असेल, पगार भरमसाट असेल आणि पर्यटक म्हणून यायला सांगत असतील, तर तिकीट काढण्यापूर्वी तो एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे का ते तपासा.

आतापर्यंत दारातून आत काय येते ते पाहिले. पण त्याच दारातून आपण बाहेर काय पाठवतो? आठवी आज्ञा आपल्याला खोटी साक्ष देण्यास मनाई करते. साक्ष म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर न्यायालयाचा पिंजरा येतो. पण एखादा संदेश मी पुढे पाठवतो तेव्हा मी साक्षच देत असतो. पाठवणाऱ्याच्या जागी माझे नाव असते आणि माझ्यावर विश्वास आहे म्हणून तो वाचला जातो. "मी लिहिले नाही, फक्त पुढे पाठवले," हे उत्तर पापनिवेदनात चालणार नाही.

याची किंमत काय असते ते आपल्याच राज्याने पाहिले आहे. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे तिथे बसमधून उतरली. भिक्षा मागून पोट भरणारी ही भटकी माणसे, बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातली. त्याआधी कितीतरी दिवस त्या भागात व्हॉट्सअ‍ॅपवर मुले पळवणारी टोळी आल्याचे संदेश फिरत होते. त्यांच्यापैकी एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला म्हणून कोणीतरी ओरडले. जमाव जमला. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन ठार मारण्यात आले. टोळी नव्हती. एकही मूल पळवले गेले नव्हते. मारणारे गावातले साधे लोक होते, आपापल्या लेकरांच्या काळजीने घाबरलेले. संदेश पुढे पाठवणारेही काळजीपोटीच पाठवत होते, आणि हेच मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते.

त्या वर्षी देशभर फिरलेली एक चित्रफीत तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. ती चित्रफीत कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेविषयी जनजागृतीसाठी केलेली होती. मूळ फितीत ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि मुलांची काळजी घ्या असा फलक दाखवतात. कोणीतरी तेवढा शेवट कापला. म्हणजे फितीतले एकही दृश्य नव्याने बनवलेले नव्हते, तरी ती पूर्ण खोटी झाली. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ च्याच संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशात खोट्या बातम्यांविषयी लिहिताना उत्पत्तीच्या पुस्तकातल्या सर्पाकडे बोट दाखवले होते. सर्पही देवाचीच आज्ञा घेऊन आला होता, फक्त थोडी वाकवून.

त्याच दिवशी नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात असाच जमाव पाच जणांवर धावून गेला होता. त्यांत दोन वर्षांचे मूलही होते. तिथे मात्र स्थानिक माणसे मध्ये पडली, पोलीस वेळेवर पोचले आणि पाचही जीव वाचले. फोनवर तेच संदेश तिथेही आलेले होते.

राईनपाड्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपने एकाच वेळी किती जणांना संदेश पुढे पाठवता येईल यावर बंधन घातले, फिरून आलेल्या संदेशावर खूण येऊ लागली. दोन बाण दिसले तर तो पुष्कळ हातांतून फिरून आला आहे असे समजा. खूण उपयोगी आहे, पण ती आपल्या सदसद्विवेकाचे काम करणार नाही. नागपूरचे आपले कॅथेड्रल ज्या संत फ्रान्सिस दि सेल्स यांच्या नावाने आहे, ते पत्रकारांचे आश्रयदाते संत आहेत. १९२३ साली पोप पायस अकरावे यांनी तसे घोषित केले. शाब्ले या डोंगराळ प्रदेशात लोक त्यांचे ऐकायला येईनात, तेव्हा त्यांनी पत्रके लिहून घरोघरी दाराखालून सरकवली. एका अर्थी तेही संदेशच पाठवत होते! पण लिहिणारा कोण आणि तो कुठे भेटेल हे लोकांना ठाऊक होते आणि चूक दाखवायला ते त्याच्याकडे येऊ शकत होते. पुढे पाठवण्याआधी एवढेच विचारा: हे कोणी लिहिले? केव्हाचे आहे? कुठले आहे? एखाद्या समाजाविषयी, मग तो कोणताही असो, राग यावा म्हणून लिहिलेले असेल तर दुप्पट सावध राहा. उत्तर मिळाले नाही तर संदेश आपल्याजवळच थांबू द्या. एक साखळी आपल्या घरात तुटली, एवढे तर आपल्याला जमेल.

मुलांविषयी थोडेसे. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी ज्यांना संतपद दिले ते कार्लो अकुतिस संगणकात अतिशय तरबेज होते आणि पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने वारले. व्हिडिओ गेम त्यांनाही आवडत, पण आठवड्यातून एकच तास असा नियम त्यांनी स्वतःच स्वतःला घातला होता. आपल्या मुलांनी हा नियम ऐकला की ते माझ्याकडे रागाने पाहतात, ते मी समजू शकतो. पालकांना मात्र वेगळे सांगायचे आहे. कोणी फोटो मिळवून मुलाला धमकावत असेल, किंवा खेळात पैसे हरले असतील, तर ते मूल सर्वप्रथम तुमच्याकडे यावे अशी तुमची वागणूक हवी. "फोनच काढून घेईन" असे ज्या घरात रोज ऐकू येते, त्या घरातले मूल अडचणीत सापडले की परक्याकडे जाते. मुलांसाठी १०९८ हा मदत क्रमांकही आहे. तो घरात भिंतीवर लिहून ठेवा.

येत्या रविवारी सकाळच्या मिस्सानंतर आपल्या युवक मंडळाची मुले-मुली सभागृहात बसणार आहेत. ज्यांना फोनमधले फारसे कळत नाही, विशेषतः आजी-आजोबांनी, आपला फोन आणि चष्मा घेऊन यावे. मुले व्हॉट्सअ‍ॅपला दुहेरी कुलूप लावून देतील, नको ती अ‍ॅप काढून टाकतील, १९३० हा क्रमांक जतन करून देतील आणि बँकेचा खरा पत्ता दाखवतील. पिन मात्र त्यांना सांगू नका. त्यांनी विचारला तरी नाही, आणि मी विचारला तरी नाही.